दीड लाखाचा गुडघा की अडीच लाखाचा?

गुडघा बदलायचा ठरला की घरात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. त्याचं उत्तर मिळतं शेजाऱ्यांकडून, बाजारात भेटलेल्या ओळखीच्या माणसाकडून, नाहीतर मुंबईहून आलेल्या फोनवरून. कुडाळात अमुक लाखात झालं, गोव्याला तमुक लागले, कोल्हापुरात तर दोन्ही मिळून इतक्यातच आटोपलं. हे सगळे आकडे खरे असू शकतात, पण त्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. एकाने खोलीचं भाडं धरलेलं असतं, दुसऱ्याने औषधं वगळलेली असतात आणि तिसऱ्याचे निम्मे पैसे विमा कंपनीने भरलेले असतात, जे तो सांगायला विसरतो. खासगी रुग्णालयांत एका गुडघ्यासाठी दीड लाखापासून चार लाखांपर्यंत काहीही ऐकू येतं. मालवण, देवबाग, आचरा, देवगड या पट्ट्यातल्या माणसाने या आकड्यांतून वाट कशी काढायची, त्यासाठी हा लेख.

शस्त्रक्रियेची गरज आहे का, हे आधी पक्कं करा. उभं राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाला हाड टेकलेलं दिसतंय, रात्री झोपेतही दुखतंय, पाय वाकडा होत चाललाय, गोळ्या आणि व्यायाम करूनही घरातल्या घरात चालणं कठीण झालंय, अशा गुडघ्यालाच ही शस्त्रक्रिया लागते. एक्स-रे झोपवून काढला तर सांध्यातली फट खरी किती उरली आहे ते नीट कळत नाही. म्हणून ‘उभं राहून’ हे शब्द चिठ्ठीवर लिहून घ्या. गावात ‘मोफत गुडघेदुखी तपासणी शिबिर’ भरलं की जरूर जा, मात्र तिथेच तारीख घेऊन येऊ नका. शिबिर मोफत असतं, शस्त्रक्रिया नसते. दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञाचं मत घ्यायला फार तर हजारभर रुपये लागतील. त्याने ‘अजून दोन वर्षं काढता येतील, वजन उतरवा आणि मांडीचे व्यायाम करा’ असं सांगितलं, तर या लेखातला सर्वांत मोठा खर्च तिथेच वाचला.

आता खुद्द कृत्रिम सांध्याच्या किमतीकडे येऊ. या बाबतीत लोक अजून दहा वर्षांपूर्वीच्या समजुतीत आहेत. २००० सालच्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला, न्यूयॉर्कहून डॉ. चित्तरंजन राणावत आले होते आणि पुढच्या वर्षी दुसराही गुडघा झाला. आपल्याकडे कित्येकांनी या शस्त्रक्रियेचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं, आणि ‘हे मोठ्या लोकांचं काम’ ही समजूत तेव्हापासून घट्ट बसली. पुढे बरीच वर्षं ती चूकही नव्हती. कोबाल्ट-क्रोमियमचा साधा सांधा रुग्णाला सरासरी दीड लाखाच्या वर पडत असे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, त्यावर कमाल किंमत घातली. साधा कोबाल्ट-क्रोमियम ५४,७२० रुपये, जास्त वाकणारा ‘हाय फ्लेक्स’ ५६,४९०, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम ७६,६००, आणि आधी बसवलेला सांधा काढून नवा घालायचा असेल तर १,१३,९५०. जीएसटी वेगळा. त्यानंतर मुदतवाढ मिळत गेली आणि आकड्यांत थोडाफार फेरफार झाला, म्हणून आज लागू असलेला दर एनपीपीएच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. मालवण असो की मुंबई, ही कमाल किंमत सगळीकडे एकच आहे.

त्याच आदेशात आणखी एक गोष्ट आहे, जी फार थोडे रुग्ण वापरतात. रुग्णालयाने बिलात इम्प्लांटची, म्हणजे कृत्रिम सांध्याची, किंमत वेगळी दाखवायची, सोबत ब्रँडचं नाव, बनवणाऱ्या किंवा आयात करणाऱ्या कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक लिहायचा. ‘आमचं पॅकेज आहे, फोड करून देत नाही’ हे उत्तर इम्प्लांटपुरतं चालत नाही. खर्च विचारायला जाल तेव्हा पहिल्याच भेटीत हे सांगून ठेवा, आवाज न चढवता.

म्हणजे इम्प्लांटच्या किमतीत फरक पडला तर वीस-बावीस हजारांचा. मग एका ठिकाणी दीड लाख आणि दुसऱ्या ठिकाणी साडेतीन लाख कशामुळे? मुख्य कारण खोली. बऱ्याच खासगी रुग्णालयांत खोलीचा वर्ग बदलला की फक्त भाडं नाही, सगळंच बदलतं. सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचा दर, डॉक्टरांच्या रोजच्या फेरीचे पैसे, सगळे त्या वर्गाला बांधलेले असतात. डॉक्टर तोच, टेबल तेच, सांधा तोच, पण एसी सिंगल रूम घेतली म्हणून बिल पन्नास-साठ हजारांनी फुगलेलं. त्यात दिवसाचं भाडं पाच हजारांच्या वर गेलं तर १८ जुलै २०२२ पासून त्यावर पाच टक्के जीएसटीही लागतो (आयसीयू सोडून). तेव्हा ‘किती खर्च येईल?’ असं विचारू नका. ‘जनरल वॉर्डात किती आणि ट्विन शेअरिंगमध्ये किती?’ असं विचारा. मुलाला आईसाठी चांगली खोली हवी असते, ते समजण्यासारखं आहे. पण आईला शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून उठून चालायचं असतं. तिला गप्पा मारायला शेजारी कोणी असेल तर बरंच.

विमा असलेल्यांनी तर खोलीकडे दुप्पट लक्ष द्यावं. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही वरची खोली घेतली, तर कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही, बाकीच्या बऱ्याच खर्चालाही त्याच प्रमाणात कात्री लावते. शिवाय सांधेबदलासाठी बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. यंदा पॉलिसी काढून यंदाच ऑपरेशन, हा बेत जमत नाही.

आता कागदावर हिशोब मांडून बघू. उदाहरण कल्पित आहे, पण असे कागद मालवणातल्या पुष्कळ घरांत पडलेले असतात. समजा, जवळच्या रुग्णालयाने लेटरहेडवर लिहून दिलं : पॅकेज १,६५,०००. घाटावरच्या रुग्णालयाने लिहिलं : २,१०,०००. कोणीही पहिला कागद उचलेल. पण त्याच्या तळाला बारीक अक्षरात ‘तीन दिवस’ असं लिहिलंय, आणि पुढे ‘औषधे व साहित्य प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’. विचारल्यावर कळतं, औषधं आणि थिएटरमधलं साहित्य साधारण २८,००० होतं, भूलतज्ज्ञ आणि सहायक १५,०००, आधीच्या तपासण्या ८,०००, आणखी दोन दिवस राहावं लागलं तर ८,०००, आणि वॉर्डात फिजिओथेरपिस्ट येतो त्याचे ३,०००. बेरीज २,२७,०००. घाटावरच्या कागदात पाच दिवस आणि हे सगळं धरलेलं आहे. पण तिथे गाडीच्या चार फेऱ्या, दर फेरीला पाच हजार, आणि सोबत्याची पाच रात्रींची सोय पाच हजार, असे पंचवीस हजार घाला. तेही २,३५,००० झालं. पंचेचाळीस हजारांचा फरक होता तो आठ हजारांवर आला. आठ हजारांसाठी निर्णय फिरवायचा नसतो. इथून पुढे कोणता सर्जन ही शस्त्रक्रिया नेहमी करतो आणि काही बिघडलं तर रात्री कोण उपलब्ध असतं, हे प्रश्न आकड्यापेक्षा महत्त्वाचे ठरतात.

म्हणून प्रत्येक ठिकाणी एकच कागद घेऊन जा आणि तेच प्रश्न विचारा. किती दिवस धरलेत? इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, कोणत्या प्रकारचं, जीएसटी धरून किती? भूल, सहायक, औषधं, बोन सिमेंट, रक्त लागलं तर ते, ऑपरेशननंतर आयसीयूत एक रात्र ठेवलं तर ती, टाके काढणं आणि पहिल्या दोन फेरतपासण्या, यातलं आत काय, बाहेर काय? जखमेत जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा दाखल व्हावं लागलं तर तो खर्च कोणाचा? या शेवटच्या प्रश्नावर समोरच्या माणसाचा चेहरा जरा पडेल, पण विचाराच. उत्तरं तिथल्या कोणाकडून तरी लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयाने खोली, आयसीयू, डॉक्टरांची फेरी अशा बाबींचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. रिसेप्शनवर ते फलक कुठे आहेत ते विचारा. फलक शोधायला किती वेळ लागतो, त्यावरूनही थोडंफार कळतं.

तुलनेच्या वेळी तीन गोष्टींचं आकर्षण दाखवलं जातं. रोबो, ‘गोल्डन नी’ आणि ‘दोन्ही एकदम’. रोबोच्या मदतीने हाड कापण्यात अचूकता वाढते, हे मान्य. पण त्यामुळे सांधा जास्त वर्षं टिकतो असं अजून ठामपणे सिद्ध झालेलं नाही, आणि त्याचे पैसे वेगळे लागतात. साध्या पद्धतीने बसवलेले सांधेही दीर्घकाळ टिकतात. ‘द लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासात संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून असल्याचं दिसलं. सोनेरी लेप असलेला सांधा ज्यांना निकेलसारख्या धातूची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्या कामाचा. बाकीच्यांनी तो एनपीपीएच्या कोणत्या वर्गात बसतो आणि त्या वर्गाची कमाल किंमत किती, एवढं विचारावं.

तिसरी गोष्ट आपल्याकडे घरातूनच येते. “दोनय गुडघे एकदमच करून टाकूया, परत परत कोण जातलो?” पैशाच्या दृष्टीने हे खोटं नाही. एकदाच दाखल होणं, एकदाच भूल, गाडीच्या फेऱ्या निम्म्या. इम्प्लांट मात्र दोन लागतात, त्यामुळे खर्च दीडपटीच्या वरच जातो. पण वय जास्त असेल, हृदयाचा त्रास असेल, मधुमेह ताब्यात नसेल, तर दोन्ही एकदम करण्यात धोका वाढतो. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी घ्यायचा, गाडीभाड्याचा विचार करून नव्हे. उलट बाजूही सांगतो : सांध्याचा एकच कप्पा झिजला असेल तर अर्धा गुडघाही बदलता येतो. प्रत्येकाला ते लागू नाही, पण विचारायला काही पडत नाही.

पदरचे पैसे घालण्याआधी योजनेची चौकशी करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली आणि कोणत्याही रंगाच्या रेशनकार्डाचं कुटुंब तिच्यात आलं. पांढरं कार्ड म्हणून आपला संबंध नाही, असं समजून कित्येक घरं अजून चौकशीच करत नाहीत. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ते २९ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालं आणि त्यातही पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सांधेबदलाच्या रुग्णांत सत्तरी पार केलेले पुष्कळ असतात, म्हणून हे कार्ड आधी काढून ठेवा.

पण कार्ड हातात आलं म्हणजे शस्त्रक्रिया झाली, असं नाही. योजनेतल्या काही उपचारपद्धती शासकीय रुग्णालयांसाठी राखीव असतात आणि त्यांची यादी बदलत राहते. प्रत्येक अंगीकृत रुग्णालय प्रत्येक विभागासाठी अंगीकृत नसतं. म्हणून १५५३८८ वर फोन करा (आयुष्मानसाठी १४५५५) आणि रुग्णालयात योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. ‘इथे योजना आहे का?’ एवढंच विचारलंत तर ‘आहे’ असं उत्तर मिळेल आणि फेरी फुकट जाईल. ‘संपूर्ण गुडघा प्रत्यारोपण या रुग्णालयात, या योजनेतून, आता होतं का? गेल्या दोन-तीन महिन्यांत झालंय का? नंबर किती दिवसांनी लागेल?’ असं विचारा. योजनेतून झालं तर तपासण्या, औषधं, इम्प्लांट, जेवण, एका वेळेचं परतीचं भाडं आणि घरी सोडल्यावर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा पॅकेजमध्येच असतो. ‘इम्प्लांट चांगल्या दर्जाचं हवं तर वरचे भरा’ असं कोणी म्हटलं, तर ते लेखी मागा आणि हेल्पलाइनवर विचारा.

योजनेत न बसणाऱ्यांसाठी धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार विश्वस्त नोंदणी असलेल्या मोठ्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १.८० लाखांपर्यंत असेल तर निर्धन, ३.६० लाखांपर्यंत असेल तर दुर्बल. मुंबईतली हिंदुजा, लीलावती किंवा पुण्याचं दीनानाथ मंगेशकर यांसारखी नावं याच यादीत आहेत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. पण दाखला आधी काढा, दाखल झाल्यावर नव्हे. मुख्यमंत्री वैद्यकीय सहायता कक्षाच्या यादीतही गुडघा प्रत्यारोपण आहे. ती मदत रुग्णाच्या खात्यात न येता रुग्णालयाकडे जाते, म्हणून अर्ज वेळेत व्हायला हवा. निवृत्त सैनिकांनी ईसीएचएस या त्यांच्या आरोग्ययोजनेची आणि सरकारी कर्मचाऱ्यांनी आपल्या प्रतिपूर्तीची चौकशी करावी. सिंधुदुर्गात अशी घरं थोडी नाहीत.

आता कुठे जायचं. मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात प्राथमिक तपासणी आणि रक्त-लघवीची कामं उरकता येतात. जिल्ह्यात ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, कणकवली आणि सावंतवाडीची उपजिल्हा रुग्णालयं, पडव्याचं एसएसपीएम मेडिकल कॉलेज आणि कुडाळ-कणकवलीतली खासगी ऑर्थोपेडिक रुग्णालयं, एवढी चौकशी आधी पूर्ण करा. त्यानंतर जिल्ह्याबाहेर. उत्तरेला डेरवणचं वालावलकर रुग्णालय, घाटावर कोल्हापूर, आंबोलीमार्गे बेळगावचं केएलई रुग्णालय आणि दक्षिणेला गोवा. गोव्याच्या बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, सगळं फुकट, ही जुनी समजूत. १ जानेवारी २०१८ पासून गोव्याबाहेरच्या रुग्णांना तिथे शुल्क लागू झालं. तेव्हा आपल्या कार्डावर तिथे काय मिळतं, ते फोनवर विचारूनच निघा. घाटाचंही तसंच. रुंदीकरणासाठी कोल्हापूरच्या वाटेवरचा करूळ घाट २०२४ मध्ये महिनोन्‌महिने बंद होता. ताज्या टाक्यांचा रुग्ण घेऊन फोंडा घाटातून वळसा घालायचा, हे गृहीत धरून तारीख ठरवा.

मुंबईतला मुलगा फोनवर सांगतो, “आये, तू मुंबयक ये, हय सगळा आसा.” सगळं असतं हे खरं. पण डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसेल, सून-मुलगा दोघंही सकाळी सातला लोकल पकडत असतील, तर दुपारी आईला संडासापर्यंत कोण नेणार? गुडघ्याचा निम्मा निकाल शस्त्रक्रियेत लागतो, निम्मा पुढच्या सहा आठवड्यांच्या व्यायामात. तेवढे दिवस घरी कोण असेल, तेही तुलनेच्या कागदावर लिहा. परत येताना रेल्वेत खालची सीट मिळवा. रक्त गोठू नये म्हणून दिलेली औषधं सुरू असताना इतका वेळ बसून प्रवास करायचा की नाही, ते सर्जनला विचारूनच ठरवा.

घराचा खर्चही धरायला हवा. देशी संडास असेल तर कमोड खुर्ची, विहिरीकडे जाणाऱ्या दोन-तीन पायऱ्यांना लोखंडी कठडा, उंच खुर्ची, वॉकर. विळीवर बसून मासे कापणं, जेटीवर उकिडवं बसून म्हावरं निवडणं, जमिनीवर मांडी घालून पूजा, हे नव्या गुडघ्यावर टाळायचं असतं. ‘हाय फ्लेक्स’ घातला की मांडी घालता येते, असं विकणारा सांगेल. सर्जन काय सांगतो ते ऐका. ज्या बाईचं रोजचं पोट म्हावरं निवडण्यावर चालतं, तिच्यासाठी उंच टेबल आणि स्टुलाची सोय आधी करा. तिचे बुडणारे दिवसही खर्चातच आहेत. मासेमारी बंदीचे जून-जुलै हे दोन महिने त्या दृष्टीने सोयीचे वाटतात, पण धो-धो पावसात फिजिओथेरपिस्ट देवबागपर्यंत येईल का, हे आधी विचारून घ्या. चतुर्थीच्या तोंडावर तारीख घेऊ नका. घर पाहुण्यांनी भरलेलं असताना आई पलंगावर राहणार नाही, आणि सहा आठवड्यांचा व्यायाम राहून जाईल. दसऱ्यानंतरचा काळ बरा. तोपर्यंत मधुमेह आटोक्यात आणा. किडलेले दात आणि लघवीतला संसर्ग आधी बरा करून घ्या, कारण तिथले जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात, आणि तसं झालं तर लागणारं इम्प्लांट आधीचा सांधा काढून घालायचं, एक लाख चौदा हजारांच्या वर्गातलं.

घरी सोडताना अंतिम बिल, डिस्चार्ज कार्ड आणि इम्प्लांटचे स्टिकर मागून घ्या. खोक्यावरचे हे स्टिकर ऑपरेशनच्या नोंदींना चिकटवतात आणि त्यांवर कंपनी, माप आणि बॅच असते. त्यांचा फोटो काढून मुलाच्या आणि मुलीच्या, दोघांच्या मोबाइलवर ठेवा. बिलातली इम्प्लांटची रक्कम कमाल किमतीपेक्षा जास्त दिसली तर एनपीपीएच्या १८०० १११ २५५ या क्रमांकावर तक्रार करता येते. तिथे पहिला प्रश्न ब्रँड आणि बॅचचाच विचारतात.